सही वाळेपर्यंत

चपला काढून हातात घ्या. इथून पुढे त्या पायात टिकणार नाहीत.

साल १९०८, महिना आषाढ. भिवंडीच्या मंडईतून मामलेदार कचेरीकडे जाणारी वाट घोट्याच्या वर चिखलात गेली आहे, आणि हा चिखल नुसत्या मातीचा नाही. त्यात भाताचं तूस आहे, शेण आहे, गाड्यांच्या चाकांनी भरडलेला पेंढा आहे. पहिलं पाऊल गार लागतं. दुसऱ्याला चिखल बोटांच्या फटींतून वर येतो. तिसऱ्याला तो तुमचा पाय धरून ठेवतो. डोक्यावर इरलं आहे, पानांचं, पार पाठीपर्यंत उतरणारं. त्याच्या कडेची धार नेमकी तुमच्या पोटऱ्यांवर पडते. मान वर करू नका. मान वर केली की इरलं मागे सरकतं आणि सगळा पाऊस तोंडावर येतो.

ओळखीची भिवंडी इथे शोधू नका. यंत्रमागांचा खडखडाट अजून आलेला नाही, गोदामांच्या रांगा नाहीत, नाक्यावर अडकलेले ट्रक नाहीत. गाव दहा हजारांच्या आसपास वस्तीचं. तरी ते शांत नाही. मोमिनांच्या वस्तीतून जाताना उंबऱ्या-उंबऱ्याआडून हातमागाची ठकठक येते. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलाय आणि दमट हवेत सुताची खळ वाळत नाही म्हणून कावलाय. ती वस्ती मागे पडली की तांदळाचा आवाज सुरू होतो. इथला मोठा धंदा तोच, भात सडण्याचा. घिरटांची घरघर, मुसळांचे ठोके, पाखडणाऱ्या बायांच्या सुपांची सळसळ, आणि हवेत कोंड्याची पूड इतकी की ती ओल्या मानेला चिकटून खाज आणते. त्यावर बंदराकडून सुक्या मासळीचा वास. पावसाळ्यासाठी मचवे वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवलेत, पण बोंबील आणि सुकट वखारींत पडून आहेत, आणि त्यांना ओल लागली की ते अख्ख्या गावाला कळतं.

तुम्ही थांबू नका. तुमच्या दादाचा आज निकाल आहे.

हा दादा मी तुम्हाला उसना दिलाय. असा हमाल कुठल्या दप्तरात सापडणार नाही. कचेरी, खाडी, आगगाडी आणि कायद्याची कलमं मात्र त्या वर्षीची खरी आहेत. दादा पावसाआधी तांदळाच्या वखारीत पोती वाहतो आणि पाऊस लागला की आवणीला शेतात उतरतो. वखारीत त्याची दोन महिन्यांची मजुरी थकली होती. ज्येष्ठातल्या एका रात्री त्याने तिथून तांदळाचं एक पोतं उचललं आणि घरी आणलं. शेठ म्हणाला, चोरी. दादा म्हणाला, माझी मजुरी, तुम्हीच तांदूळ ने म्हणाला होतात. मुनीम म्हणाला, मला आठवत नाही. एवढाच खटला.

कचेरीच्या ओसरीवर चढा. आता इरलं भिंतीला टेकवा. तिथे अशी वीसेक इरली आणि घोंगड्या ठिबकतायत आणि ओल्या लोकरीचा वास कोंडलाय. आत उजेड कमी. कारकून बैठकीवर मांडी घालून बसलेत, पुढ्यात उतरती मेजं, हातात बोरू. मोडी इतक्या वेगाने धावते की बोरू कागदावरून उचललेलाच दिसत नाही. एका कोपऱ्यात शेतसाऱ्याचा भरणा, दुसऱ्या कोपऱ्यात सातबारासारख्या कागदांचे वाद, मध्ये तिजोरीवर पहारेकरी, आणि याच सगळ्याच्या पोटात फौजदारी कोर्ट. सकाळी सारा मोजून घेणारा माणूस दुपारी कैद सुनावतो. पट्टेवाला नावं पुकारतो तेव्हा कौलांवरच्या पावसापुढे त्याचा आवाज पुरत नाही, म्हणून ज्याला त्याला वाटतं आपलंच नाव आलं. सगळेच उठतात. मग एक सोडून बाकीचे बसतात.

कलम ३७९, भारतीय दंडसंहिता. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. पण खुर्चीवरचे मामलेदार दुसऱ्या वर्गाचे मॅजिस्ट्रेट आहेत. त्यांच्या हातात सहा महिन्यांची कैद आणि दोनशे रुपये दंड, याच्यापुढे काही नाही. हे तुमच्या आईला कोणी सांगितलेलं नाही. ती ओसरीच्या खांबाला धरून बसली आहे आणि तिच्या डोक्यात काळं पाणी आहे.

मामलेदार निकाल वाचतात. तीन महिने सक्तमजुरी. मग टाक दौतीत बुडतो, खाली सही होते, सहीशेजारी तारीख पडते. सगळं उघड्या कोर्टात, तुमच्या डोळ्यांदेखत, कारण कायद्याला ते तसंच हवं आहे. कारकून ओल्या शाईवर चिमूटभर वाळू टाकतो, कागद तिरपा करून झटकतो. दादाच्या हातात बेडी पडते. तो तुमच्याकडे बघत नाही, छपराकडे बघतो.

त्या वाळूकडे नीट बघून ठेवा. मी तुम्हाला एवढ्या चिखलातून इथवर आणलंय ते त्याचसाठी.

रात्री घरात दिवा नाही, चुलीचा उजेड तेवढा. बाहेर बेडकांनी आकाश डोक्यावर घेतलंय. अशा वेळी दारात कंदील येतो, आणि कंदिलामागे मुनीम. त्याच्या काखेत मेणकापडात गुंडाळलेली वही. तो उभ्या उभ्याच बोलतो. संध्याकाळी जमाखर्च लावताना पान सापडलं, म्हणाला. दादाच्या नावापुढे दोन महिन्यांची मजुरी बाकी, आणि खाली त्याच्याच अक्षरात, मजुरीपोटी तांदूळ देणे. शेठने सांगितलेलं, त्याने लिहिलेलं, दोघंही विसरलेले. आई वहीला हात लावते. तिला अक्षर येत नाही. तरी ती त्या पानावरून बोट फिरवते आणि म्हणते, "उद्या सकाळी रावसायबांना दाखवू. त्ये काय दगूड हायेत?"

नाहीत. तेच तर तुम्हाला सकाळी कळणार आहे.

सकाळी शेठ स्वतः आलाय. त्याने छत्री मिटलेली आहे आणि पाऊस अंगावर घेत उभा आहे. मामलेदार वही हातात घेतात, चष्मा नाकावर सरकवतात, पान वाचतात. पुन्हा वाचतात. मुनिमाला दोन प्रश्न विचारतात. कचेरीत बोरू थांबलेत. तुम्ही मामलेदारांच्या चेहऱ्याकडे बघता आणि तुम्हाला स्वच्छ दिसतं की त्यांना पटलंय. काल दुपारी तीन वाजता ही वही समोर आली असती तर दादा चार वाजता घरी असता.

ते वही मिटून परत देतात.

"काल निकालावर मी सही केली," ते म्हणतात. "आता त्या कागदाला हात लावायचा अधिकार मला राहिला नाही."

आई पदर पसरते. "मायबाप, तुमीच दिलीत, तुमीच काढा."

"मी दिली म्हणूनच मला काढता येत नाही, आई. वरच्या कोर्टात जा."

हे ते कठोरपणाने म्हणत नाहीत. त्यांचा आवाज खाली आलाय. त्यांच्यासमोर १८९८ ची फौजदारी कार्यसंहिता उभी आहे, आणि तिचं कलम ३६९ सांगतं की निकालावर सही झाल्यावर खालच्या कोर्टाने तो बदलायचा नाही, फिरून तपासायचा नाही. शाई ओली आहे तोवर तो माणूस न्यायाधीश. शाई वाळली की त्या खटल्यापुरता तो तुमच्या-माझ्यासारखाच. हे कलम तुमच्यासोबत तुमच्या काळातही येणार आहे. १९७३ च्या संहितेत त्याला ३६२ हा आकडा मिळाला, २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत ४०३. आकडे बदलले, दार बंदच राहिलं. एक बारीक फट मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे: लेखनातली चूक.

आणि ती फट आज उघडते. शिरस्तेदार निकाल पुन्हा नजरेखालून घालतो आणि त्याच्या लक्षात येतं की दादाच्या बापाच्या नावाच्या जागी आजाचं नाव पडलंय. मामलेदार कागद घेतात, नाव खोडतात, वर बरोबर नाव लिहितात, बाजूला सही करतात. तुरुंगात जायच्या वॉरंटावरही तेच. तुम्ही ते बघत उभे आहात. त्याच कागदावर, त्याच हाताने, त्याच टाकाने. खोडलेल्या नावाच्या चार बोटं खाली "तीन महिने" आहेत, आणि टाक तिथपर्यंत जात नाही.

तुमच्या पोटात आग पडली असेल. पडू द्या. माझ्याही पडते. पण जरा त्या ओसरीवर वळून बघा, तुमच्या मागे कोण कोण उभं आहे. एका गावचा पाटील आहे. त्याच्याशी भांडलेल्या कुळाला परवा एक महिना झाला, तो त्याला कमी वाटतो. त्याच्या गड्याच्या हातात तुपाचा डबा आहे. एक सावकार आहे, त्याला साहेबांशी आत, एकट्याने, दोन शब्द बोलायचे आहेत. जो मामलेदार आज तुमच्या आईच्या पदरासाठी तीन महिने पुसू शकला असता, तो उद्या त्या डब्यासाठी एकाचे चार करू शकला असता. आणि उद्या तिथे बोलायला आरोपी नसता. तो ठाण्याच्या तुरुंगात दळण दळत असता, त्याला कळलंही नसतं. कचेरीच्या मागच्या दाराने कोण आत जातं? ज्याला छत्री आहे, टांगा आहे, ओळख आहे तो. हे कलम ते मागचं दार बंद करतं. म्हणून मी या कलमाच्या बाजूचा आहे, पूर्ण मनाने. आणि हे सांगताना खांबाला धरून बसलेल्या त्या बाईकडे मला बघवत नाही.

अंगणातल्या झाडाखाली वकील उभे आहेत. उपरणं खांद्यावर, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायांत चिखल तुमच्याइतकाच. ते घाईत नाहीत. ओल्या हवेत काडी पेटत नाही म्हणून विडी तशीच ओठांत धरून ते बोलतात, आणि पाच मिनिटांत तुम्हाला त्या कायद्याच्या घराच्या सगळ्या खोल्या कळतात.

सही केलेल्या मॅजिस्ट्रेटला आपली शिक्षा पुन्हा हातात घेता येते अशा जागा फार थोड्या, ते सांगतात. फटक्यांची शिक्षा झाली आणि डॉक्टरने म्हटलं की हा देह फटके सोसणार नाही, तर तेच कोर्ट फटके माफ करू शकतं किंवा त्यांच्या बदल्यात कैद देऊ शकतं. आणि कोणी भर कोर्टात कोर्टाचा अपमान केला, त्याला तिथल्या तिथे शिक्षा झाली, मग त्याने माफी मागितली, तर ज्याने शिक्षा दिली तोच ती सोडून देऊ शकतो.

तुम्ही विचारता, म्हणजे दादाने पोतं उचलण्याऐवजी रावसाहेबांना शिवी दिली असती तर?

"तर आज सुटला असता," वकील म्हणतात, आणि विडी ओठांतून काढून हातात धरतात.

पण रस्ता आहे. दुसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटवरचं अपील ठाण्याला, जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे, म्हणजे कलेक्टरकडे. मुदत तीस दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागतील ते दिवस त्यातून वजा. चोरीच्या खटल्यात आरोपीला नक्कल फुकट. आणि पैसा नसेल तर दादाने तुरुंगातूनच अर्ज द्यावा, तुरुंगाचा अंमलदार तो पुढे धाडतो, कैद्याच्या अर्जाला स्टँप लागत नाही. हे शेवटचं वाक्य आई दोनदा वदवून घेते. शिवाय अपिलात शिक्षा कमी होऊ शकते, रद्द होऊ शकते, वाढू मात्र शकत नाही. मुंबई सरकारकडे दयेचा अर्जही करता येतो, पण तो कागद फिरून येईपर्यंत हमालाचे तीन महिने संपलेले असतात.

चला, निघू या. ठाण्याला जायचं म्हणजे आधी कल्याण गाठायचं, आणि कल्याणच्या आड खाडी. कोनपर्यंत बैलगाडी. गाडीत बसलात की हाडं मोजून घ्या. प्रत्येक खड्ड्यात एक हलतं. दोन्ही बाजूंना आवणी चालू आहे, बायका ओळीने वाकलेल्या, पाठीवर इरली, दुरून कासवांची रांग चाललीय असं वाटतं. कोनला तरीवर चढायचं. खाडी पावसाने फुगून तांबडी झालीय, पाण्यावरून झाडांच्या फांद्या, एखादा मेलेला साप, कोणाच्या तरी गवताचा भारा वाहत जातो. तर माणसांनी, शेळ्यांनी, कोंबड्यांच्या पाट्यांनी भरलेली. शेजारच्या म्हातारीची शेळी तुमचा सदरा चघळते. समोर दुर्गाडीचा बुरूज पावसात पुसट दिसतो.

कल्याणला आगगाडी. तिसरा वर्ग. लाकडी बाक, कोळशाचा धूर, ओले कपडे, बिडी, मोहरीचं तेल, रडणारं पोर. खिडकी उघडली तर पाऊस, लावली तर श्वास कोंडतो. आज डब्यात गर्दी वेगळी आहे. मुंबईच्या गिरण्या बंद आहेत आणि कामगार गावाकडे, नातलगांकडे फिरतायत. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. टिळकांना सहा वर्षं. २२ जुलैच्या रात्री हायकोर्टात दिव्यांच्या उजेडात निकाल लागला, जूरीचे सात एका बाजूला, दोन दुसऱ्या. एक जण चेपलेला केसरी उलगडून मोठ्याने वाचतो, वाचता येत नाहीत ते त्याच्या तोंडाकडे बघतात. गाडी दिवा सोडते, मुंब्र्याच्या डोंगराच्या पोटातून जाते, काळोखात वाचणारा थांबतो आणि उजेड येताच त्याच ओळीपासून पुन्हा सुरू करतो.

तुमच्या शेजारी बसलेली आई विचारते, "त्यांची सुदा सही वाळली का?"

वाळली. न्यायमूर्ती दावरांनी शिक्षा सांगितली आणि ते उठून गेले. १८९७ साली टिळकांवर पहिला खटला झाला तेव्हा हेच दावर वकील म्हणून त्यांच्या जामिनासाठी उभे होते, ही गोष्टही डब्यात कोणीतरी सांगतं आणि क्षणभर सगळे गप्प होतात. त्या पहिल्या खेपेला अठरा महिन्यांची शिक्षा पुरी व्हायच्या आत टिळक सुटले होते. ती सूट दिली सरकारने. शिक्षा देणाऱ्या न्यायमूर्तींनी नाही.

ठाणे. खाडीवरचा पूल ओलांडताना गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो. उतरा. मासुंद्याचं तळं काठोकाठ भरलंय, कोपिनेश्वराच्या घंटा पावसातही ऐकू येतात. तिथून किल्ल्याकडे. जुना पोर्तुगीजांचा किल्ला, नंतर मराठ्यांनी घेतलेला, आता तुरुंग. भिंती शेवाळाने हिरव्या. दारात तास-दीड तास उभं राहावं लागतं आणि मग दादा दिसतो. त्याचे केस कापलेत. हाताच्या तळव्यांना पोती उचलून घट्टे होतेच, आता त्यांच्यावर जात्याच्या खुंट्याचे फोड आलेत. तो पहिलं विचारतो, आवणी कितीवर आली. तुम्ही वहीचं सांगता. तो ऐकतो, हसतो, आणि म्हणतो, "मी पयल्यापास्नं त्येच सांगत व्हतो."

कलेक्टरसाहेब पावसाळ्यात ठाण्यातच असतात. हिवाळ्यात आला असता तर त्यांच्या तंबूमागे तालुकाभर धावावं लागलं असतं. एवढं तुमचं नशीब. ठाण्याचे वकील जामीन मागतात, तो नाकारला जातो. पण वहीचं पान बघितल्यावर साहेब एक हुकूम देतात, आणि इथे मला तुमचा दंड धरून तुम्हाला परत भिवंडीला न्यायचं आहे, कारण अशी गोष्ट रोज बघायला मिळत नाही.

हुकूम असा: अपिलासाठी जादा पुरावा हवा, तो मामलेदार भिवंडी यांनी नोंदवून पाठवावा. कलम ४२८.

म्हणजे पुन्हा तीच ओसरी, तीच खुर्ची, तोच टाक. श्रावण लागलाय, मधूनच ऊन पडतं आणि कचेरीच्या कौलांवरून वाफ निघते. मुनीम शपथ घेतो. शेठ शपथ घेतो. ज्या वहीकडे मामलेदारांना महिन्यापूर्वी बघून न बघितल्यासारखं करावं लागलं, तीच आता निशाणी म्हणून दप्तरात दाखल होते. ते प्रत्येक उत्तर सावकाश लिहून घेतात. मुनीम अडखळला की थांबतात. पोतं रात्री का नेलं, दिवसा का नाही, हेही विचारतात, कारण ते विचारणं त्यांचं काम आहे. शेवटी आपल्या सहीने ते सगळं दाखला देऊन लखोट्यात घालतात आणि लाखेवर शिक्का दाबतात. लाखेचा वास कचेरीभर पसरतो. त्यांनी सगळं ऐकलंय, सगळं त्यांना ठाऊक आहे, आणि ठरवायचं मात्र दुसऱ्याने आहे. त्या दुपारी मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. काम त्याने जिवापाड केलं आणि हद्दीच्या बाहेर एक पाऊल टाकलं नाही.

मग वाट बघणं. त्याच्याबद्दल फार सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे ते कसं असतं. गणपती आले आणि गेले. घरात तांदूळ कोर्टाच्या मुद्देमालात अडकलेला, म्हणून नाचणीवर दिवस काढले.

पितृपक्षात निकाल येतो. कलेक्टरांनी वही मानली, मजुरी थकली होती हे मानलं. पण पोतं रात्री, कोणाला न सांगता नेलं, म्हणून दोष कायम ठेवला, आणि शिक्षा भोगली तेवढी पुरे केली. दोन महिने आणि वर काही दिवस. दादा सुटला, आणि कागदावर चोर राहिला. मला हा निकाल पटत नाही. ज्याला देणं लागतं त्याने आपलं देणं कोणत्या प्रहरी उचललं, यावर चोरी ठरू नये. पण तो बदलणं आता भिवंडीच्या हातात नाही आणि ठाण्याच्याही नाही. कलेक्टरांचीही सही वाळलेली आहे.

तुरुंगाच्या दारात अंमलदार सुटकेचा हुकूम आणि वॉरंट शेजारी शेजारी धरतो. नाव जुळतं. बापाचं नाव जुळतं. बोट खोडलेल्या आजाच्या नावावर थांबतं, बाजूची बारीक सही बघतं आणि पुढे सरकतं. वेगळ्या नावाने आणखी दोन दिवस चौकशी झाली असती, असं पहारेकरी नंतर सांगतो. मामलेदारांना जेवढं करता येत होतं तेवढं त्यांनी केलं होतं, ते असं उपयोगी पडलं.

बाहेर वकील उभे आहेत. त्यांच्याकडे ताजी बातमी आहे. टिळकांना विलायतेत प्रिव्ही कौन्सिलकडे जायची परवानगी हायकोर्टाने नाकारली. काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत बदलून त्यांना मंडालेला नेलं. तो बदल सरकारचा, कोर्टाचा नव्हे. मग ते दादाकडे वळतात. चोरीचा डाग पुसायचा असेल तर रस्ता मुंबईचा आहे, हायकोर्टात फेरतपासणीचा अर्ज. ते सगळे कागद मागवू शकतात, दोष उडवू शकतात.

"आनि शिक्षा?" दादा विचारतो. "ती वाढली तर?"

वकील खोटं बोलत नाहीत. अपिलात वाढत नव्हती, तिथे वाढू शकते. कलम ४३९. आरोपीला बोलायची संधी दिल्याशिवाय वाढवता येत नाही, आणि पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला जेवढी देता आली असती तिच्यापुढे जाता येत नाही.

"म्हंजे किती?"

"दोन वर्षं. तसं होणार नाही. पण होऊ शकतं, हे मला सांगायलाच हवं."

दादा आईकडे बघतो, मग तुमच्याकडे. त्याला विचारायचं असतं तुम्ही काय म्हणता, आणि तुमच्याकडे शंभराहून जास्त वर्षांचं पुढचं ज्ञान असून सांगण्यासारखं काही नाही. पुढे १९५५ साली मुंबईच्याच एका दारूबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय सांगणार आहे की शिक्षा वाढवायची नोटीस निघाली तर, आधीचं अपील सुनावणीविना फेटाळलेलं असलं तरी, आरोपीला आपण निर्दोष असल्याचं पुन्हा मांडता येतं. पण ते दादाच्या वाट्याला यायचं नाही.

"भात निसवलं का?" तो विचारतो.

"हळवं निसवलं," आई सांगते. "गरवं अजून हाय."

"मंग मुंबई ऱ्हाऊ दे. आदी कापनी."

वकील मान डोलावतात आणि फी निम्मीच घेतात. तुम्ही गर्दीतून खिडकीकडे घुसता आणि कल्याणची तीन तिकिटं मागता, तिसऱ्या वर्गाची.